डबा घेऊन जा

मुंबईहून रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापूरला पोचते. स्टेशनाबाहेर रिक्षा धरली की थोड्याच वेळात मी शिवाजी पेठेत आत्याच्या दारात असते. बॅग नीट टेकवायच्या आतच ती स्वयंपाकघरातून कडीचा स्टीलचा डबा आणते आणि माझ्या हातात देते. "चहा मागनं पी. आधी कट घेऊन ये, न्हाईतर संपंल."

हे लहानपणापासून चालत आलंय. तेव्हा वाटायचं, ही आत्याची सवय आहे. पुढे कोल्हापुरात जाणं-येणं वाढलं, वेगवेगळ्या ऋतूंत राहणं झालं, तेव्हा लक्षात आलं की रांगेत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात काही ना काही असतं. डबा, किटली, पातेलं, झाकणाची पाटी, कापडी पिशवीत ठेवलेली बरणी. बाहेरगावची माणसं अंबाबाईचं दर्शन घेतात, रंकाळ्यावर फिरतात, एखाद्या मोठ्या हॉटेलात ताट जेवतात, चप्पल घेतात आणि परततात. त्यात काही वावगं नाही, मीही ते सगळं केलंय. पण पेठेतली माणसं रोज जिथून आणून खातात ती ठिकाणं निराळी आहेत. बऱ्याच ठिकाणी नावाची पाटी नाही, मेन्यूकार्ड तर नाहीच. गिऱ्हाईक आपलं भांडं घेऊन येणार, हे मात्र तिथे गृहीत धरलेलं असतं.

मिसळीच्या कटाची खोली आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. चार बाकं, भिंतीवर मारुतीची आणि शाहू महाराजांची तसबीर, मागच्या बाजूला मोठी शेगडी. पहाटे पाचला चूल पेटते. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, वाटायचं, भरपूर तेलात परतायचं, मग त्यात कांदा-लसूण चटणी. कोल्हापुरात 'चटणी' म्हटलं की हीच, वर्षभर पुरणारी, बरणीतली. तेल सुटलं की पाणी, आणि मग मंद आचेवर नुसतं रटरटत ठेवायचं. मटकीची उसळ वेगळ्या पातेल्यात असते. प्लेटमध्ये आधी मटकी, तिच्यावर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि सगळ्यात शेवटी कट. सोबत येणारा पाव म्हणजे इथे स्लाईस ब्रेड, जाड कापलेला. कटात बुडवला तरी तो हातात तुटत नाही. वडासुद्धा इथे ब्रेडच्या दोन स्लाईसबरोबरच येतो.

डबा भरताना कटाच्या खोलीतल्या मामांचा हात बघण्यासारखा असतो. डाव डबऱ्यात घालण्याआधी ते डावाच्या पाठीने वरची तर्री बाजूला सारतात, खालचा दाट कट उचलतात, डबा पाऊण भरतात, आणि मग वरून तर्री घालतात. ती किती घालायची हे डब्यावर ठरतं. आत्याचा डबा त्यांना ओळखीचा आहे, त्याच्या कडीला निळी दोरी आहे. "आज्जी जेवत्यात न्हवं अजून?" असं विचारून त्यांनी एकदा तर्री निम्म्यावर आणली होती. आत्याच्या सासूबाई तेव्हा नव्वदीला टेकलेल्या होत्या. डब्यावरून घरातलं माणूस ओळखणारं असं दुकान मी दुसऱ्या कुठल्याच शहरात पाहिलेलं नाही.

मिसळीच्या नावाजलेल्या जागांची नावं आता बाहेरही पोचली आहेत. फडतरे, खासबाग, चोरगे, बावडा. त्यांतली फडतरे मिसळ ज्या शिवाजी उद्यमनगरात आहे ती वस्ती मुद्दाम चालत बघावी. दोन्ही बाजूंना लेथ, ड्रिलिंग, वेल्डिंगची वर्कशॉप्स. ऑईल इंजिनं आणि फौंड्रीच्या कामात कोल्हापूरने जे नाव कमावलं ते अशाच गल्ल्यांमधून. कटिंग ऑईलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास हवेत असतो आणि त्यातच मिसळीच्या फोडणीचा वास मिसळतो. आठ तास मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला सकाळी पोटाला आधार हवा, स्वस्तात हवा आणि चटकन हवा, ही या मिसळीमागची गरज तिथे गेल्यावर कुणी सांगावी लागत नाही. दुपार कलली की भांडी घासायला पडतात. आता शनिवार-रविवारी मोटारींची रांग असते, तरी दुकान संध्याकाळपर्यंत ओढायचं कुणाच्या मनात येत नाही. केलेलं संपलं की दिवस संपला. कुठली मिसळ सर्वांत चांगली, या वादात मी पडत नाही. माणूस ज्या पेठेत वाढला त्या पेठेची मिसळ त्याच्या जिभेला बसलेली असते.

कटाची चव ज्या चटणीतून येते ती कुठे तयार होते, हे बघायचं असेल तर एप्रिल-मे महिन्यात या. उन्हाळ्यात कोल्हापूरच्या गल्ल्यांमधून एक धप-धप आवाज येत असतो आणि त्यापाठोपाठ ठसका. तो डंक. मिरची कांडपाचं हे यंत्र म्हणजे उखळ-मुसळाचीच मोटरवर चालणारी आवृत्ती. लोखंडी मुसळं पट्ट्यावर उचलली जातात आणि खालच्या उखळात एकापाठोपाठ एक आदळतात. समोर बसलेली बाई तोंडाला फडकं बांधून, दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात हात घालून मिरची पुढे-मागे सारत असते. मला ते बघताना प्रत्येक वेळी धडकी भरते. तिचा हात एकदाही चुकत नाही.

"मी येतो की तुझ्यासंगं, तुला काय कळायचं न्हाई त्यातलं," डंकावर निघताना आत्या म्हणाली. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलो, मी गेलो, मी करतो. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा चमकायला होतं, मला त्याच्याइतकं आपुलकीचं मराठी दुसरं कुठलं वाटत नाही. आदल्या तीन दिवसांत घरात सगळी तयारी झाली होती. गच्चीवर मिरच्या वाळल्या, देठं खुडली गेली. किलोभर ब्याडगी, रंगासाठी. किलोभर संकेश्वरी, तिला इथे जवारी म्हणतात, ती चवीसाठी आणि तिखटपणासाठी. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, आणि संकेश्वर तर गडहिंग्लजच्या पलीकडे सीमेवरच आहे. राज्यांची हद्द मिरचीला कधी कळलेली नाही, कोल्हापूरच्या चटणीत दोन्ही बाजू आहेत. मग धणे, जिरे, तीळ, खसखस, लवंग, दालचिनी, मिरे, मसाला वेलदोडे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, हळकुंड, हिंग, सगळं एकेक करून तेलात तळलेलं. खोबरं भाजलेलं. कांदा उभा चिरून, वाळवून, मग तळून. लसूण, आलं, कोथिंबीर ओलीच. प्रत्येक जिन्नस वेगळ्या पुडीत किंवा डब्यात, कारण डंकात जायचा क्रम ठरलेला आहे.

डंकावर माणसांची रांग नव्हती, पाट्यांची होती. आपली पाटी रांगेत ठेवायची आणि घरी जाऊन यायचं. पाटीला कुणी हात लावत नाही, कुणी पुढे सरकवत नाही. आत्याची पाटी सातवी होती. पाळी आली तेव्हा आधी मिरची उखळात गेली, कुटून चाळून निघाली. चाळणीत उरलेली साल आणि बिया पुन्हा उखळात. मग खडा मसाला आणि खोबरं. मग हे सगळं एकत्र. शेवटी मीठ, लसूण, आलं, कोथिंबीर, कांदा. इथवर कोरडी लाल पूड होती, लसूण पडला आणि ती बघता बघता दमट, गडद, काळपट लाल झाली. बाईने मूठभर उचलून दाबून बघितली, मुठीचा आकार राहिला तेव्हा मोटर बंद केली.

"ह्यांच्यात लसूण जास्ती लागतो," शेजारच्या पाटीकडे बोट दाखवून ती आत्याला म्हणाली, "आन् तुमच्यात तीळ." कुठल्या घराची चटणी कशी, हे तिला पाठ आहे. पेठेतल्या शंभरेक घरांची चव एका बाईच्या ध्यानात आहे, आणि हा ठेवा कुठल्याही वहीत उतरलेला नाही. तयार पुडीतल्या मसाल्यावर माझा राग नाही, शहरात नोकरी करणाऱ्या बाईला तो लागतोच, मीही वापरते. पण असा डंक बंद पडतो तेव्हा एक यंत्र बंद पडलं, एवढीच त्याची नोंद होते, याचं मला वाईट वाटतं. चक्कीत मिरची दळली तर तापते आणि रंग उतरतो, असं बायका सांगतात. डंकात ती भरड राहते, आणि लसणाचं पाणी न् मसाल्याचं तेल तिच्यात मुरतं. घरी आल्याबरोबर आत्याने चटणी परातीत पसरली. गरम चटणी बरणीत भरली तर वास धरते. रात्री ती गार झाल्यावर चिनी मातीच्या बरणीत दाबून भरली, वर हिंगाचा खडा ठेवला, तोंडाला फडकं बांधलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची बेगमी झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊसिंगजी रोडने चालत निघाले. या रस्त्यावर मला दरवेळी एका चहाच्या दुकानाची आठवण होते, जे आज तिथे नाही. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत चाकरीला होते. अस्पृश्यांना मनाई असलेल्या पाण्याला शिवल्याबद्दल तिथल्या सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. गावातले लोक तिकडे फिरकेनात. तेव्हा महाराज फिरायला निघाले की गाडी या हॉटेलपुढे थांबवायचे, चहा मागवायचे, भर रस्त्यात तो प्यायचे आणि बरोबर असलेल्या बड्या मंडळींनाही पाजायचे. ज्या काळात चहाच्या दुकानात काही माणसांची कपबशी बाहेर वेगळी टांगलेली असे, आणि तीही त्यांनी स्वतःच धुवायची, त्या काळात छत्रपतीने गंगारामांच्या हातचा कप ओठाला लावला. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळायला बंदी करणारे हुकूम काढले. हुकूम दफ्तरात राहतो. कपाची गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली, अजून आहे.

पेठेतल्या खाण्यावर मी इतक्या प्रेमाने लिहिते तेव्हा हेही लिहायलाच हवं. भांडं घेऊन रांगेत उभं राहण्याचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळालेला नाही. कटाच्या खोलीतल्या भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर कशासाठी, हे मी मामांना विचारलं होतं. "त्यांच्यामुळं आम्ही कुणाला नावगाव विचारत न्हाई," ते म्हणाले, आणि पुढच्या डब्याकडे वळले.

रविवार कोल्हापुरात मटणाचा. सकाळी आठपासून दुकानांपुढे पिशव्या घेतलेली माणसं. २०१९ च्या अखेरीला मटणाचा दर फार वाढला, तेव्हा कसबा बावड्यातून विरोध सुरू झाला, बघता बघता तो शहरभर पसरला, कृती समिती झाली, बैठका झाल्या, लोकांनी मटण घेणं बंद केलं. राज्यभरातल्या वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीने छापली. इथल्या माणसांना त्यात गंमत दिसत नव्हती. आठवड्यातून एकदा घरातल्या सगळ्यांच्या ताटात पडणारी ती एक वस्तू आहे, आणि ती हाताबाहेर चालली होती.

मटण घेतलं तरी रस्सा करायला सगळ्यांना जमतो किंवा वेळ असतो असं नाही. म्हणून मंगळवार पेठेत एका काकींकडे जायचं. बाहेर पाटी नाही, घराच्या मागच्या पडवीत तीन चुली आहेत. मटण घेऊन दहाच्या आत पोचायचं, सोबत आपली तीन पातेली न्यायची. "कितीजण?" एवढंच त्या विचारतात. पातेल्यावर खडूने नाव लिहितात. एकच्या सुमाराला जाऊन घेऊन यायचं, करणावळ द्यायची. तीन पातेल्यांत सुकं, तांबडा आणि पांढरा.

मी त्या दिवशी परत गेलेच नाही, पडवीतल्या पायरीवर बसून राहिले. मटण आधी आलं-लसूण, मीठ आणि पाण्यात शिजवतात. त्या पाण्याला अळणी म्हणतात, आणि दोन्ही रश्श्यांची आई ती. काकींनी अळणी दोन भांड्यांत वाटली. एकात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी गेली, तो तांबडा, त्याला भरपूर उकळी चालते. पांढऱ्याचं काम नाजूक. तीळ, खसखस, काजूचं गंधासारखं बारीक वाटण, लवंग-दालचिनी-वेलदोड्याची तुपातली फोडणी, त्यावर अळणी, आणि शेवटी ओल्या नारळाचं दूध. त्यात लाल तिखट नाही, हळद नाही. नारळाचं दूध घातल्यावर काकींनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि डाव एकाच दिशेने फिरवत राहिल्या. कडेला बुडबुडा दिसला की पातेलं खाली. एक उकळी जास्त झाली तर दूध फुटतं, आणि फुटलेला पांढरा परत जुळत नाही. मला त्यांनी वाटीत थोडा दिला. पहिल्या घोटाला सौम्य वाटतो, गिळल्यावर मिऱ्याचा न् आल्याचा चटका घशात मागून येतो. घरी तो आधी वाटीने प्यायचा असतो, नुसता, भाकरी पुढे येण्याआधी.

आषाढात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, यात्रेला मंगळवार-शुक्रवारी हे काम गल्लीगल्लीत चालतं. पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पुढे 'पी ढबाक' वाद्याचा आवाज असतो, आणि मागून तालमीच्या नाहीतर मंडळाच्या पटांगणात मोठ्या डेगी चढतात. त्या दिवसांत काकींना क्षणाचीही फुरसत नसते. त्यांच्याकडे बाहेरच्या माणसानेही जायला हरकत नाही, फक्त ओळखीच्या कुणाला तरी बरोबर न्यावं आणि वेळ पाळावी.

हिवाळ्यात आलात तर बरणी बरोबर असू द्या. पन्हाळ्याकडे किंवा राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गुऱ्हाळं पेटलेली असतात. काहिलीत उसाचा रस उकळतो, भेंडीच्या चिकाने त्याची मळी वर येते, ती काढत राहायची. रस आटून पाक गुळाला येण्याच्या आधीच्या टप्प्यावर मागितली की काकवी मिळते, आपल्या बरणीत गरम गरम. ती भाकरीशी खाल्ल्यावर दुसरं गोड आठवत नाही. इथला गूळ तीस-तीस किलोच्या रव्यांत बाजाराला जातो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठीच, आणि पुढे तिच्यातून कोल्हापुरी गुळाचं नाव लांबवर गेलं.

खासबागेतली भेळ आणि लोणी डोसा यांना मात्र भांडं लागत नाही. राजाभाऊंची भेळ कागदावरच खायची, खाताना कैरीच्या फोडी दाताखाली येतात. हा दावणगिरी लोणी डोसा कर्नाटकातल्या दावणगेरेहून इथे आला आणि इथलाच झाला. तव्यावरून उतरताना त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा विरघळत असतो, आणि घरी नेईस्तोवर त्यात काही राम राहत नाही. शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं जुनं रिंगण पाहून आले आणि त्या धर्तीवर हे मैदान बांधवलं, १९१२ मध्ये ते तयार झालं. आत बसलेल्या कुणालाही कुस्ती दिसताना अडथळा येत नाही, इतका त्याचा उतार चोख आहे.

कुस्ती म्हटल्यावर दूध आलंच, आणि दुधासाठी संध्याकाळी गंगावेशीला. आत्याने या वेळी किटली दिली.

शिवाजी पेठेतून चालत गेलं तर दहा मिनिटं. दिवेलागणीच्या सुमाराला गवळी आपापल्या म्हशी घेऊन तिथल्या दुधाच्या कट्ट्यावर येतात. काळ्याभोर, तेल लावून चकचकीत केलेल्या म्हशी, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांचे पट्टे. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशींचा सगर निघतो, मोरपिसं लावून, पाठीवर नक्षी काढून त्यांना पळवतात, आणि मालकाच्या मोटरसायकलच्या आवाजामागे म्हैस गर्दीतून नेमकी धावत जाते. रोज रात्री मात्र त्या कट्ट्याशी संथ रवंथ करत उभ्या असतात. रस्त्यावर वाहनं चालू, दुकानांचे दिवे लागलेले, आणि त्यात हे.

गवळीदादांनी बादलीतल्या पाण्याने म्हशीची कास धुतली. रेडकू सोडलं, त्याने दोन-चार ढुशा दिल्या, म्हशीने पान्हा सोडला, मग रेडकाला हळूच बाजूला बांधलं. गुडघ्यांत चरवी धरून ते उकिडवे बसले. पहिल्या धारा भांड्याच्या बुडाला लागल्या तेव्हा टणटण आवाज झाला, चरवी भरत गेली तसा तो बसका होत गेला. फडक्यातून गाळून त्यांनी मोठ्या पेल्यात दूध ओतलं, उंचावरून. वर चार बोटं फेस. साखर घालायची की नाही ते आपण सांगायचं. माझ्या शेजारी तालमीतली दोन पोरं उभी होती, कानाच्या पाळ्या चेपलेल्या, मानेला अजून आखाड्यातली माती. त्यांनी एका दमात पेले रिकामे केले आणि पुन्हा पुढे केले. त्यांच्या मागे पेन्शनीतले एक आजोबा नातीला घेऊन आले होते.

दूध उकळून प्यावं असं डॉक्टर सांगतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. कच्च्या दुधातून आजार होऊ शकतात. लहान मुलं, गरोदर बायका, आजारी माणसं यांनी इथला पेला टाळावा आणि दूध घरी नेऊन तापवावं, हे मी आवर्जून सांगेन. आजोबांनीही नातीला पेला दिला नाही, आपल्या तांब्यात दूध घेतलं. पण कट्टा टिकून राहण्याचं कारण फक्त ताकद येते हा समज नाही. या जिल्ह्यात गोकुळ आहे, १९६३ साली स्थापन झालेला सहकारी दूध संघ, शेजारी वारणा आहे. पिशवीतलं दूध दारात येतं. तरी माणसं किटली घेऊन इथवर येतात, कारण म्हैस समोर उभी आहे, धार डोळ्यांसमोर निघते आहे, पाण्याचा थेंब कुणी घालू शकत नाही. एका पेल्याच्या देवघेवीत खोटं राहायला जागाच नाही. दूध घेणाऱ्यांतले निम्मे लोक गवळ्याच्या म्हशीची नावं घेऊन चौकशी करतात, अमकी व्याली का, तमकी आटली का.

मी पेला प्यायले. उसाच्या वाड्याचा हलका वास, अंगाची ऊब असलेलं, दाट. ओठांवर फेस राहिला तो पदराने पुसला. गवळीदादांनी किटली हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. "वाशी नाक्याकडच्या वैनींची न्हवं ही?"

"नाही, शिवाजी पेठेत, माझ्या आत्याची."

"मग झाकण दुसऱ्याचं आलंय," ते म्हणाले. बघितलं तर खरंच, झाकण थोडं सैल बसत होतं. त्यांनी कट्ट्यावरचा केळीच्या पानाचा तुकडा उचलला, पुसून किटलीच्या तोंडावर ठेवला आणि वरून झाकण दाबलं. "आता हिंदकळणार न्हाई. आन् सांगा त्यास्नी, त्यांचं झाकण असंल कुणाकडं तर इथं ठेवून जातील."

साडेनऊला म्हशी परत निघाल्या. कुणी हाकत नव्हतं, पुढची वळली तशा बाकीच्या वळल्या. पापाच्या तिकटीपर्यंत घुंगरं ऐकू येत होती. मी गल्लीगल्लीतून घरी आले तेव्हा आत्या दारात उभी होती. तिने किटली घेतली, झाकण काढलं, केळीचं पान बघितलं आणि काही न विचारता दूध पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं. दूध अजून कोमट होतं.